एकतीस नंबरची जखम

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर टेबल, टेबलावर काचेचं मोठं भांडं, त्यात कोमट पाणी आणि पाण्यापाशी बाहुलीबाबा. त्यांनी बोटाएवढी पांढरीशुभ्र बाहुली उचलली, पाण्यात बुडवली आणि डोळे मिटून अंगठ्यानं चोळायला सुरुवात केली. बघता बघता बाहुलीच्या पाठीवर लालभडक जखम उमटली, पाण्यात रक्ताची रेघ सुटली. पाठीवर तश्शीच जखम असलेला एक म्हातारा पहिल्या रांगेत होता. तो हुंदके द्यायला लागला.

"तुझी जखम हिनं घेतली," बाबा म्हणाले. "आता मलम नको, पट्टी नको. पट्टी बांधलीस तर जखम परतीची वाट शोधेल."

जखमेला वाटा शोधायची अक्कल असते हे अजून कुठल्या डॉक्टरला कळलेलं नाही. बाबांना मात्र कळलं होतं, आणि लोक माना डोलावत होते.

त्याच रांगेत धाकटी चुळबुळत बसली होती. शेजारी तिचा दादा, पलीकडे वहिनी. दादाला आज सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायचा होता. त्याला कित्येक वर्षं मधुमेह, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखाली दोन महिने न भरलेली जखम. रोज ड्रेसिंग झालं नाही तर पाय जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गेल्या रविवारी बाबांनी त्याची बाहुली बुडवली आणि त्यानं ड्रेसिंग सोडलं ते सोडलंच. मोज्यातून येणारा वास धाकटीला बसल्या जागी येत होता. वहिनीनं मोज्यावर अत्तर शिंपडलं होतं. म्हणजे वास तिलाही येत होता, आणि धाकटीचं डोकं फिरलं होतं ते त्यामुळे.

धाकटीचं पोट खोट्या रक्तावर चालायचं. टेबलावर लढायांचे खेळ मांडणाऱ्या हौशी मंडळींसाठी ती बोटाएवढे शिपाई रंगवायची. डोळ्याला भिंग लावून, चार केसांच्या ब्रशनं. कुणाचं कपाळ फुटलेलं, कुणाचा दंड फाटलेला. शिकायला येणाऱ्यांना ती घसा फोडून सांगायची, की रक्त लाल असतं ते थोडा वेळ. मग ते तपकिरी पडतं, त्याची चमक जाते. दादाची बाहुली वहिनीनं कपाटात जपून ठेवली होती. काल धाकटीनं ती हातात घेतली. सहा दिवसांचं रक्त आणि अजून ओलं असल्यासारखं चकाकत होतं. बाहुलीच्या काखेत पांढरा पापुद्रा राहिला होता. ओलं बोट फिरवताच तो सुटून आला आणि तिला सगळा प्रकार कळला.

तिनं दादाला लगेच सांगितलं. तो म्हणाला, "माझं दुखायचं थांबलंय. ते काय तू रंगवलंस?"

आता बाबांनी दादाला वर यायची खूण केली. दादा उठायच्या आत धाकटी उठली. टेबलावर पुढच्या रुग्णांच्या बाहुल्या ट्रेमध्ये मांडलेल्या होत्या, प्रत्येकीच्या तळव्याला नंबर. तिनं अख्खा ट्रे पाण्यात उपडा केला आणि भांडी घासावीत तशा त्या बाहुल्या चोळायला लागली. मंत्र नाही, मिटलेले डोळे नाहीत. तरी जखमा भराभर वर आल्या. गुडघ्यावर, छातीवर, कानामागे. तिनं एक बाहुली उंच धरली.

"एकतीस नंबर. मांडीवर गळू. कोण आहे एकतीस नंबर?"

कुणी उठेना. नोंदणीवाल्या बाईंनी सवयीनं वही उघडली आणि म्हणाल्या, "ते अजून यायचेत. बसमध्ये आहेत."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. माणूस बसमध्ये आणि जखम वेळेवर हजर.

धाकटीनं एका दमात सांगून टाकलं. कुठे लागलंय, केवढं लागलंय, हे आपणच आदल्या दिवशी नोंदणीत सांगतो. तशी जखम पक्क्या रंगानं रंगवतात. त्यावर लाल रंगाची पूड, त्यावर केसांना मारायचा स्प्रे आणि शेवटी पांढऱ्या रंगाचा पातळ हात. कोमट पाण्यानं स्प्रे विरघळतो, पांढरा रंग सुटतो, पूड पाण्यात उतरते. चिलखताला गंज दाखवायला हीच युक्ती ती स्वतः वापरायची.

अश्रद्ध हात लागल्यानं पाणी नासलं, असं बाबा म्हणायला लागले. तेवढ्यात तो मघाचा म्हातारा उठला. "मग नवं पाणी घ्या. माझ्या अंगावर आणखी एक जखम आहे, मी कुणाला सांगितलेली नाही. ती काढून दाखवा." बाबांना एकदम ध्यानाची वेळ आठवली आणि ते मागच्या दारानं गेले.

दादा मात्र जागचा हलला नाही. "बाहुली खोटी असेल," तो म्हणाला. "पण दुखत नाही हे तर खरं?" धाकटीनं आणि वहिनीनं त्याला दोन्हीकडून धरलं आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी मोजा काढला. दोन बोटं काळी पडली होती. त्यांनी दादाला डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "टोचलं की सांगा."

दादा वाट बघत राहिला.

"टोचा की," तो म्हणाला.

"चार वेळा टोचलं," त्या म्हणाल्या. "साखरेनं तुमच्या पायाच्या नसा मेल्यात. म्हणून दुखत नाही. पाय बरा होत नव्हता, सडत होता."

वहिनी भिंतीला टेकून रडायला लागली. दादानं डोळे उघडले आणि कितीतरी वेळ आपल्याच पायाकडे परक्याचा असावा तसं बघत राहिला.

दोन बोटं गेली, पाय वाचला. आता ड्रेसिंगच्या रांगेत दादा शेजारच्यांना गप्प बसू देत नाही. बाबांना शिव्या घालत नाही. स्वतःला मात्र घालतो. मग सांगतो, "दुखत नसलं तरी रोज मोजा काढून पाय बघा. दिसत नसेल तर घरच्यांना बघायला सांगा. आणि पट्टी काढून टाका असं कुणी म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नाही."