हलका हात

पिचकारीचा काचेचा दांडा चढला होता हे खरं. पण तो आपोआप चढला की आपण ओढला, तेच सावळीरामला आठवेना. सुई नवसाबाईच्या कोपराच्या घडीत होती, पिचकारीत तेलाचा थर होता, रक्ताला हवा लागू नये म्हणून, आणि अंगठा... अंगठा कुठे होता? डॉक्टरांनी पढवून ठेवलं होतं : शिरेतलं रक्त ओढावं लागतं, धमनीतलं स्वतः येतं, ठोक्यागणिक दांडा ढकलतं, तुम्ही फक्त बघत राहायचं. बघत राहायचं म्हणे. सोळा वर्षं या अंगठ्याने रक्त ओढण्यावाचून दुसरं काही केलेलं नाही. निम्म्या पंचवटीच्या शिरा त्याला तोंडपाठ आहेत. रक्त काळपट होतं, पण न्यूमोनियाच्या माणसाचं धमनीतलं रक्तही काळवंडलेलंच असतं. रंगावरून काही ठरत नव्हतं.

महेबूबला असलं काही आठवत बसावं लागत नाही. मालेगावचा विणकर, माग बंद पडला म्हणून चाळिशीत दवाखान्यात पाणी भरायला लागलेला... आणि सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मुंबईहून रक्तातला प्राणवायू मोजायचं ते पाऱ्याचं यंत्र आणलं, स्वतः त्याच्यापाशी उभे राहणार म्हणून रक्त काढून आणायला दोघांना शिकवलं : एक सावळीराम, ते ठीकच, आणि दुसरा हा. हा दोन बोटं ठेवतो, डोळे मिटतो आणि सुई घालतो. डोळे मिटतो — काय ते नाटक. पण पहिल्या झटक्यात धमनी सापडते, आणि डॉक्टर त्याच्याकडे असे काही बघतात... सोळा वर्षांत माझ्याकडे कुणी तसं बघितलेलं नाही. एकदाही नाही. रात्री जेवताना मला ती दोन बोटं दिसतात आणि भाकरी गोड लागत नाही.

आज सकाळी तर गोष्ट चुरशीलाच आली होती. प्राणवायूची एकच टाकी शिल्लक, दुसरी उद्याच्या गाडीने नाशिक रोडला उतरणार, आणि धापा टाकणारे रोगी दोन : सुरगाण्याकडची नवसाबाई आणि नामपूरचा पुंजा. "डोळ्यांवर जायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "ज्याच्या रक्तात प्राणवायू कमी, टाकी त्याला." बाईचं रक्त सावळीरामने काढलं, पुंजाचं महेबूबने. दोन्ही पिचकाऱ्या बर्फात घालून यंत्राच्या खोलीत गेल्या आणि तासाभराने आकडे आले. पुंजा शेकडा चौऱ्याहत्तर, नवसाबाई एकसष्ट. टाकी बाईच्या खाटेकडे ढकलत नेली. "सावळीराम, नमुना अगदी नीट आणलात," डॉक्टर म्हणाले, आणि तेही महेबूबच्या देखत.

दुपारच्या भाकरीबरोबर त्याने ते वाक्य चवीने खाल्लं. मग हात धुताना तो दांडा आठवला, आणि तेव्हापासून तो खाटांच्या मधून उगाच येरझाऱ्या घालत होता.

"लय हलका हात तुमचा, भाऊ," नवसाबाईची बहीण पायथ्याशी बसली होती, ती म्हणाली. बाईचा हात उचलून तिने कोपर उघडं केलं. "बघा, डाग बी नाय."

त्याने बघितलं. बारीक ठिपका, बस्स. धमनीला टोचलं की पाच मिनिटं घट्ट दाबून धरावं लागतं, नाहीतर कोपर सुजतं, काळंनिळं पडतं... आणि त्याने किती वेळ दाबलं होतं? कापसाचा बोळा ठेवून बाईचा हात दुमडला होता, शिरेला करतात तसा, आणि धावला होता. महेबूबच्या आधी बर्फाशी पोचायचं म्हणून धावला होता. नीट दाबलं नसूनही डाग नाही. म्हणजे ती शीर होती. एकसष्ट हा शिरेचा आकडा होता. शिरेत तो साधारण एवढाच असतो, धडधाकट माणसाचाही. बाईच्या धमनीत किती असेल देव जाणे. पण ती आता निवांत झोपली होती आणि सकाळीसुद्धा ती पुंजाइतकी निळी नव्हती, हे मी बघितलं होतं. बघितलं होतं आणि गप्प बसलो होतो, कारण डोळ्यांवर जायचं नव्हतं.

पलीकडच्या खाटेवर पुंजाच्या नाकपुड्या फुलत होत्या. डॉक्टर यंत्राच्या खोलीतच होते, दहा पावलांवर. जाऊन सांगायचं, एवढंच. ते रागावणार नाहीत. ते नुसतं "बरं" म्हणतील आणि उद्यापासून प्रत्येक वेळी महेबूबला हाक मारतील. शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या.

"भाऊ, एक बोलू?" महेबूब कधी जवळ आला ते कळलं नाही. तो हळू बोलत होता, पुंजाला ऐकू जाऊ नये असं. "पुंजाचं रक्त माझ्याच हातनं चुकलं वाटतं. त्याची दशा बघा ना. त्याचा आकडा बाईच्या वर कसा येईल? तुमी परत घ्या. तुमचा हात बसलेला हाय."

सहा महिने हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला. आणि त्या आनंदातच त्याला पक्कं कळलं की पुंजाचं रक्त बरोबर होतं. यंत्र म्हणालं म्हणून नव्हे, महेबूबने काढलं होतं म्हणून. त्याचा स्वतःचा नसेल, डॉक्टरांचाही नसेल इतका माझा त्या बोटांवर भरवसा होता, आणि तोच मला इतके दिवस जाळत होता...

महेबूब अदबीने उभा होता. तुझं चुकलेलं नाही, माझं चुकलं — एवढं म्हटलं की टाकी पुंजाकडे जाईल, आणि महेबूब कायमचा वरचढ ठरेल. सावळीरामने पुंजाकडे बघितलं. ओठ निळे पडले होते, छाती भात्यासारखी हलत होती. तरी जड जात होतं ते महेबूबचं वरचढ ठरणंच. मरणारा माणूस समोर असून तेच जड जात होतं, आणि सावळीरामला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.