पोळ्याची कड, आखाजीची कड

“साहेब, तळ्याची कड म्हणजे पोळ्याची कड का आखाजीची कड?”

उज्वलानं विचारलं आणि मारुतीच्या देवळापुढची अख्खी ग्रामसभा फिसकन हसली. हसणारच की! दोन ऑक्टोबरची सभा, टेबलामागे पाटबंधारे खात्याचे साहेब, शेजारी रंगीत नकाशा पसरून बसलेला कंपनीचा माणूस, आणि दहावीतली पोरगी उठून सणवार विचारते!

मागे बायकांच्या घोळक्यात तिच्या मैत्रिणींनी, आशा आणि तृप्तीनं, तोंडात ओढणीचे बोळे कोंबले होते. पैज त्यांचीच. “भरसभेत हे विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू.” गेल्या वर्षी कुणी अशी पैज लावली असती तर उज्वला पोट दुखतंय म्हणून घरी पळाली असती. तेव्हा ती नाव सांगतानासुद्धा चपलांकडे बघायची. पण ह्या पावसाळ्यात ती शाळेच्या खो-खो संघाची कप्तान झाली, दिंडोरीच्या मैदानावर ओरडून ओरडून पोरींना पळवलं, आणि तिला शोध लागला की आपल्याला आवाज आहे. चांगला खणखणीत, तीन शेतं ओलांडून जाणारा! तेव्हापासून तो वापरायला ती निमित्तच शोधत होती.

सभा हसली तरी ती खाली बसली नाही. कारण प्रश्न पैजेचा असला तरी गमतीचा नव्हता.

उज्वलाच्या जन्माआधी धरण झालं, त्याचं हे तळं, आणि गावाची निम्मी शेतं पाण्याखाली गेली. पण धरणाचं पाणी काही बारा महिने एका जागी बसत नाही. पोळ्याला ते म्हसोबाच्या पिंपळापर्यंत येतं, बैल तिथंच धुतात. दिवाळीनंतर मागं सरायला लागतं आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर उन्हाळ्यात, पार जुन्या विहिरीपलीकडं जातं. मधला काळाभोर गाळ उघडा पडतो. ही गाळपेर जमीन खातं धरणग्रस्तांना हंगामापुरती कसायला देतं. कागदावर नुसते नंबर, पण गावात ज्याचं त्याचं घर आपल्याच बुडालेल्या शेतावर पेरतं. जुने बांध अजून दिसतात ना! उज्वलाची आई, चंद्रभागा, लग्न होऊन आली तेव्हा ज्या रानात पहिल्यांदा खुरपायला बसली, त्याच रानात आजही ती हरभरा घेते. पाणी वर्षातले काही महिने तेवढं उसनं नेतं, एवढंच.

आता ह्या सरकारी काठावर कंपनीला हॉटेल आणि बोटी आणायच्या होत्या. तीस वर्षांच्या करारानं. तासभर सभा नुसती तापली होती.

“सरकारी म्हंजे कुणाचीच नाय!” उज्वलाचे दादा, म्हणजे तिचे वडील रंगनाथ, मघाशी म्हणाले होते. “काठावर बाटल्या फुटतात, त्या कोण उचलतो सांगा. कंपनी आली तर दिवे येतील, पोरांना कामं मिळतील. मला पहाटेची एसटी धरून अंबडच्या कारखान्यात जायला नको.”

“सरकारची म्हंजे आपली!” म्हाताऱ्या सावळीरामबाबांनी काठी आपटली होती. “सरकारला निदान अर्ज तरी करता येतो. कंपनीच्या गेटावर कुत्रं बांधलं, तर त्याला काय अर्ज देतो का रे रंगनाथ?”

उज्वलाला दोन्ही पटत होतं, हीच तर पंचाईत. फुटक्या बाटलीनं तिचाही पाय कापला होता. पण काल पंचायतीच्या भिंतीवर तिघींनी तो नकाशा पाहिला. एका बाजूला डांबरी रस्ता, दुसऱ्या बाजूला लिहिलेलं, ‘हद्द: तळ्याची कड’. मधला मुरमाड पट्टा पाच एकर. निळा रंग पिंपळापासून सुरू झालेला. “अगं, हे निळं तर पोळ्याचं!” तृप्ती ओरडली होती, आणि तिथंच पैज लागली.

“बाळ, कड म्हणजे कड,” साहेब समजुतीनं म्हणाले. “जिथं पाणी सुरू होतं, ती.”

“आखाजीला पाणी विहिरीपलीकडं सुरू होतं,” उज्वला म्हणाली. “तेव्हा कुंपण कुठं असणार?”

कंपनीच्या माणसानं हसतमुखानं सांगितलं, “पाण्यापर्यंत. करारात तसंच आहे. पाहुण्यांना पाण्यात उतरता आलं पाहिजे ना!”

“मंग कुंपण काय बैलावानी पाण्यामागं चालत जाणार?” सावळीरामबाबा म्हणाले.

सभा पुन्हा हसली, पण ह्या खेपेला हसू उज्वलाच्या बाजूचं होतं. आणि ते मधेच तुटलं. एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेला. चंद्रभागा बायकांतून उठली. पदर सावरून तिनं एवढंच विचारलं, “साहेब, माझा हरभरा कुंपणाच्या आत का बाहेर?”

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“माझी बदली इथं आषाढात झाली,” ते हळू आवाजात म्हणाले. “मोजणी श्रावणात केली. उन्हाळ्यातलं तळं मी अजून पाहिलेलंच नाही.”

सरपंच कारभारी आण्णांनी ठराव सांगितला: प्रस्ताव परत, काठ खात्याकडेच, गाळपेर आहे तशी चालू. मे महिन्यात पाणी सरलं की गावासमोर नव्यानं मोजणी. कंपनीला पिंपळाच्या वरचा माळ हवा असेल तर तेव्हा बोलू.

पहिला हात दादांचा वर गेला. “आणि लिहा आण्णा,” ते म्हणाले, “दर सोमवारी काठावरच्या बाटल्या आपण उचलायच्या. नुसतं आपली आपली म्हणून भागत नाय.”

“लिही बाबा, लिही,” सावळीरामबाबा म्हणाले. “पहिल्या सोमवारी मी येतो.”

घरी जाताना दादा खाली बघत चालले होते. इथंच कामाला लागायचं त्यांच्या किती मनात होतं!

“दादा, रागावलात?”

“रागवू कशाला? अगं, मी कंपनीच्या बाजूनं हात वर करणारच होतो. तुझ्या आईचं रान माझ्याच हातानं देऊन बसलो असतो!” त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की पुढं चाललेली शेळी बिचकली. “एसटीचं काय, पंधरा वर्षं धरली, अजून धरीन.”

“पैजेवर विचारलं म्हणे बाईनं,” चंद्रभागा म्हणाली, पण तिच्या गालांत हसू मावत नव्हतं.

पिंपळाशी तिघं थांबली. तळं काठोकाठ भरलेलं होतं. आईचं रान कुठंतरी त्या पाण्याखाली निवांत पडलं होतं.

“आई, दादा, ऐका,” उज्वलानं कमरेवर हात ठेवले आणि सगळा आवाज लावला. “येत्या मे महिन्यात मी मालेगावला मामाकडे जाणार नाही. साहेब मोजायला येतील ना, तेव्हा मोजणीच्या साखळीचं एक टोक मी धरणार!”