ताईचे साचे आणि जाडा सोडा

काळं म्हणजे घाण, हे माझ्या धंद्याचं पहिलं कलम. गंज, जुना रंग, जळकं तेल, काजळी, जे काही धातूवर बसलेलं असेल ते बारीक पोलादी दाण्यांचा जोरात मारा करून उडवायचं आणि खालचा लख्ख पत्रा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. याला ब्लास्टिंग म्हणतात. सव्वीस वर्षं मी हेच करतोय. ट्रकच्या रिंगा, पंपांची झाकणं, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं माझ्या पेटीतून उजळून निघालंय. गिऱ्हाईक ‘वा’ म्हणतं आणि मी ‘त्यात काय’ म्हणतो. मला ‘वा’ ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू?

तर असा हा मी, सख्ख्या बहिणीला तोंड दाखवायच्या लायकीचा उरलो नव्हतो.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती पाव भाजते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत भट्टी आणि भट्टीशेजारच्या फळीवर लोखंडी पत्र्याचे अठ्ठेचाळीस साचे, भावोजी होते तेव्हापासूनचे. साच्यांना बाहेरून आणि काठाला जळक्या तेलाच्या खपल्या धरलेल्या. एकदा सहज गेलो होतो, ते पाहिलं आणि माझे हात शिवशिवले.

“ताई, दहा दे. बघ कसे करून देतो.”

“काही बिघडणार नाही ना रे?”

मी हसलो. बिघडणार म्हणे! ट्रकच्या रिंगा करणारा माणूस मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दहा साचे तिच्या टेबलावर ओळीने मांडले. आरशासमोर ठेवले असते तर आरशाला लाज वाटली असती. ताई बघत राहिली. मला वाटलं, आता ‘वा’ येणार.

“आतलंही काढलंस?” तिने विचारलं.

“मग! पार कोपऱ्याकोपऱ्यातलं.”

आता जे मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते सांगतो. पावाच्या साच्यात आतल्या अंगाला जो काळा, गुळगुळीत थर असतो, तो घाण नसतो. वर्षानुवर्षं तेल लावून, भाजून भाजून चढलेलं ते अस्तर असतं. त्याच्या जिवावर पाव सुटतो. मी ते सोलून काढलं होतं, वर पोलादी दाण्यांनी पत्रा खरखरीत करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा पाव साच्यांना असे चिकटले की ताईने ते चमच्याने खरवडून काढले. मग तिने आठवडाभर तेल लावून, रिकामे साचे भाजून पाहिले. त्या पत्र्यावर काही धरेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताई भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं. ती भांडली नाही. “होतं असं,” म्हणाली आणि पाच महिने माझ्या घराची पायरी चढली नाही. फोन यायचा तो माझ्या बायकोला. बायको फोन ठेवून माझ्याकडे अशी बघायची की अख्ख्या जगाचा पाव मीच करपवलाय.

एक दिवस ती म्हणाली, “वन्संचे बाकीचे साचेसुद्धा आता खपल्या टाकायला लागलेत. पावात काळे तुकडे निघतात. परवा कुणीतरी पाव परत आणून दिला. बिचाऱ्या रोज सुरीने खरवडत बसतात.”

“मग मी काय करू?”

“जाऊन माफी मागा. का तीही मीच मागू?”

गेलो. ताई पीठ मळत होती. पाच महिन्यांत मी मनातल्या मनात बरीच भाषणं रचली होती, पण तिथे उभा राहिल्यावर एकही आठवेना.

“चुकलं माझं, ताई. आधी विचारायला हवं होतं.”

तिचे हात थांबले नाहीत. मी तसंच पुढे रेटलं. “दोन साचे दे. दोनच. या वेळी पोलाद नाही, काहीतरी मऊ बघतो. खपल्या तेवढ्या काढतो, आतल्या अस्तराला जपतो. नाही जमलं तर पुन्हा तुझ्या कुठल्याही वस्तूला हात लावणार नाही.”

शेवटचं वाक्य तोंडातून निघून गेलं. बोललो ते पाळावं लागलं असतं आणि मग आमच्यात उरलं काय असतं? वर्षातून दोनदा एकमेकांची तब्येत विचारायची, एवढंच.

ताईने पिठाचा गोळा उलटा टाकला. “दोन देते. पण तो जो काय माल असेल, तो घ्यायला मी येणार.”

ब्लास्टिंगचा माल जिथे मिळतो त्या दुकानाच्या मालकाला आम्ही धंद्यातले लोक भुकटीशेठ म्हणतो. माणूस डोक्यापासून पायापर्यंत कुठल्या ना कुठल्या धुळीने माखलेला असतो. त्या दिवशी तो तांबूस होता. मागे गोण्यांच्या थप्प्या आणि पुढच्या फळीवर नमुन्यांच्या काचेच्या बरण्या. मी सव्वीस वर्षं तिथे जातोय, दारातूनच ‘नेहमीचं’ म्हणून ओरडतो आणि गोणी उचलून निघतो. त्या बरण्या ताईबरोबर गेलो तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिल्या.

ताईने चष्मा चढवला आणि पहिली बरणी उघडून चिमूटभर माल तळहातावर घेतला. रवा पारखावा तसा दोन बोटांत चोळून पाहिला.

“हे काय?”

“काचेचे मणी, ताई. गोल असतात, पत्र्याला खड्डे पाडत नाहीत.”

“फुटतात?”

“आता काच म्हटल्यावर थोडे फुटणारच. पण धुतलं की जातं सगळं.”

“धुतलेल्या साच्यातला पाव तुम्ही घरी खाल?”

भुकटीशेठने बरणीला झाकण लावलं आणि दुसरी पुढे केली. तिच्यात अक्रोडाच्या कवचाचा भरडा होता. माझं मत त्यालाच होतं. मऊ, हलका, पत्र्याला ओरखडासुद्धा नाही. ताईने वास घेतला.

“माझ्याकडे एक बाई पाव नेतात,” ती म्हणाली. “त्यांच्या मुलीला अक्रोड सोसत नाही. घसा सुजतो. दोनदा दवाखान्यात पळवावं लागलंय. कोपऱ्यात एखादा कण राहिला तर?”

हे माझ्या डोक्यात सव्वीस वर्षांत आलं नव्हतं. ट्रकच्या रिंगांना घसा नसतो.

तिसरा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यांचा चुरा. तो तिला आवडला, पण भुकटीशेठच म्हणाला की जळक्या तेलाच्या खपलीला हा पुरा पडणार नाही, संध्याकाळपर्यंत मारत बसाल. मग त्याने चौथी बरणी सरकवली. पांढराशुभ्र माल.

ताईने तो नुसता बघितला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. “अहो, हा तर खायचा सोडा!”

“तोच. फक्त दाणा जाड. खपलीवर आपटतो, स्वतः फुटतो आणि खपली घेऊन जातो. पत्र्याला काही करत नाही, पाण्यात विरघळून जातो. एकदाच वापरायचा मात्र. फुटलेला पुन्हा चालत नाही.”

“मग विकत कशाला घ्यायचा? माझ्याकडे अर्धी गोणी पडून आहे.”

भुकटीशेठने माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. “ताई, तो स्वयंपाकाचा फार बारीक असतो. यंत्रात...”

“सोडा तो सोडा. तू मला सोडा शिकवतोस?”

दुधाने तोंड पोळलेला माणूस मी. म्हटलं, तिचाच सोडा वापरू. भुकटीशेठही लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, लबाड कुठला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी पेटी साफ केली. आमची पेटी म्हणजे लोखंडी कपाटासारखा डबा. समोर बघायला काच, खाली आत हात घालायला दोन रबरी हातमोजे, आतमध्ये हवेची बंदूक. सगळं पोलाद बाहेर काढलं, ब्रश मारला, ओल्या फडक्याने पुसलं, बंदुकीची नळी आणि तोंड नवीन लावलं. पोलादाचा एक कणही सोड्यात मिसळायला नको होता. ताई दुपारी सोड्याची पिशवी घेऊन आली. तिने पेटीच्या कोपऱ्यातून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटावर एक काळा दाणा. मी पुन्हा ओलं फडकं घेतलं.

मग तिचा सोडा ओतला, साचा आत ठेवला, बंदूक सुरू करायची खालची पट्टी पायाने दाबली. बंदुकीतून ‘फुस्स’ झालं आणि बंद. पुन्हा दाबली. पुन्हा फुस्स. सोड्याचा आत गोळा बसला होता. मी पेटीच्या बुडाला दोन थपडा मारल्या तेव्हा तो सगळा एकदम सुटला, धूळ ओढणारी पिशवी क्षणात भरली आणि पेटीच्या फटीफटीतून पांढरा लोट बाहेर आला. लोट विरला तेव्हा ताई समोर उभी होती. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, चष्म्याच्या काचासुद्धा पांढऱ्या. साच्यावरची खपली होती तिथेच होती.

‘सांगितलं होतं ना’ हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं. ते मी आजवर सगळ्यांना ऐकवलंय. बायकोला, गिऱ्हाइकांना, एकदा तर डॉक्टरांनासुद्धा. पण तेव्हाच मला आठवलं की ‘काही बिघडणार नाही ना रे’ असं ताईनेही मला विचारलं होतं आणि मी हसलो होतो. पाच महिन्यांत तिने त्याची एकदाही आठवण करून दिली नव्हती. मला माझीच लाज वाटली.

“ती पिशवी जुनी झालीय,” मी म्हणालो. “बदलायला हवी होती.”

ताईने चष्मा काढून पदराला पुसला. “खोटं बोलू नकोस. लहानपणापासून जमत नाही तुला.” आणि मग ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी आणलं, तर पेल्यातही सोडा पडला. “आपल्या घरात गाढवपणाला काही तोटा नाही बाबा,” ती म्हणाली. “चल, त्या शेठकडून जाडा घेऊन येऊ.”

जाडा सोडा आणला. भुकटीशेठने आम्हा दोघांचे अवतार पाहिले आणि एक शब्दही न बोलता गोणी काढून दिली. शहाणा माणूस.

हवेचा दाब निम्म्यावर आणला, बंदूक हातभर लांब आणि तिरकी धरली. सोडा वाळूसारखा सळसळत सुटला. काठावरची खपली आधी पांढरी पडली, मग पापुद्रे सुटून खाली पडायला लागले. त्यांच्याखाली राखाडी, गुळगुळीत पत्रा. एकही खड्डा नाही. बाहेरची बाजू झाली, काठ झाला, आतल्या कोपऱ्यांतले गोळे निघाले. आणि मग माझा हात आपोआप साच्याच्या तळाकडे वळला. तिथे काळं होतं ना! जित्याची खोड.

काचेवर टकटक झाली. ताई शेजारी उभी राहून आत बघत होती. “बास,” ती म्हणाली. मी पट्टीवरचा पाय काढला.

दोन्ही साचे तिने स्वतः गरम पाण्याने धुतले, कोरडे केले, तेलाचं बोट फिरवून रिकामेच भाजले. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी दुपारी तिने मला बोलावून घेतलं. गाडी दारात उघडीच ठेवून मी आत गेलो. दोन पाव नुकतेच भट्टीत गेले होते. मला तिने भट्टीसमोर स्टुलावर बसवलं, वर बजावलं, “दार उघडू नकोस.” ती स्वतः मात्र एका जागी नव्हती. आत-बाहेर, आत-बाहेर, कसल्या तरी उचलाउचलीचे आवाज. मी ‘मदत करू का’ विचारलं तर म्हणाली, “तू पावाकडे बघ.” मी बघत बसलो.

तिने साचे बाहेर काढले आणि पहिला फडक्यात धरून उलटा केला. काही पडलं नाही.

आता तिच्याकडे बघायचं कसं, हेच मला कळेना.

“घाई नको,” ती साच्याला म्हणाली की मला, देव जाणे. “वाफ जिरू दे.” साचा पुन्हा सुलटा करून ठेवला, हात पुसले, दोन मिनिटं थांबली. मग उलटा केला आणि पाव अलगद तिच्या हातात आला. चारी कडा शाबूत, तळ खरपूस तपकिरी. दुसरा तर साचा उलटा करायच्या आतच सुटला.

“मग ताई,” मी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, “बाकीचे छत्तीस... कधी नेऊ?”

“ते तुझ्या गाडीत आहेत.”

“गाडीत? कधी ठेवलेस?”

“पाव भट्टीत होते तेव्हा.”

“अगं, पण चिकटले असते तर?”

“तर काय? पुन्हा बघितलं असतं आपण दोघांनी,” ती म्हणाली आणि गरम पावाची पहिली जाड चकती कापून माझ्यापुढे धरली. “खा. आणि रडत रडत खाऊ नकोस, ठसका लागेल.”