गुसलाचं पाणी

निदाने पहिला रोजा धरला ते साल १९९०. तिचा बाप मुस्तफा तेव्हा अर्दियात एका कुवेती घरी ड्रायव्हर होता आणि त्याची बायको फखरुन्निसा तिथेच स्वयंपाकाला. घरातल्या म्हातारीला सगळे यम्मा म्हणत. रोजा सोडताना निदाच्या तोंडात खजूर तिनेच घातला.

ऑगस्टमध्ये इराकी फौज जहराच्या रस्त्याने आली आणि तिने शहर घेतलं. यम्माचे मुलगे, सुना सुट्टीला परदेशी गेलेले, ते तिकडेच अडकले. शेजारची घरं रिकामी झाली. नाक्यावर रणगाडा उभा राहिला आणि यम्माने अंथरूण धरलं. मरणाचं तिला भय नव्हतं. मेल्यावर गुसल द्यायला, शेवटची आंघोळ घालायला बाईमाणूस नसेल, हाच तिचा घोर. फखरुन्निसाची आई दाभोळात बायकांच्या मयतांना गुसल देई. तिच्या हाताखाली ही शिकलेली. तिने यम्माला शब्द दिला.

मग अडकलेल्या भारतीयांना घेऊन अम्मानकडे बस निघाली. मुस्तफाने बोचकी बांधली, फखरुन्निसाने आपलं सोडलं.

"ती आपली कोण लागते?" मुस्तफाने विचारलं.

"पोरीचा रोजा कुणी सोडवला? चार दिवसांची सोबती आहे ती. माती झाली की मागच्या बसने येते मी. तुम्ही निदाला बघा. आणि वेण्या घट्ट घाला तिच्या, तुमच्या हातच्या दारापर्यंत टिकत नाहीत."

गावी पोचल्यावर मुस्तफा म्हातारीच्या मरणाची वाट पाहू लागला. नमाजाला उभा राहिला की त्याला स्वतःचीच लाज वाटे.

लढाई संपली, कुवेत सुटलं, तसा तो परत गेला. अंगणात खुर्चीवर यम्मा बसली होती. तिला जिवंत बघूनच त्याला काय ते कळलं.

फखरुन्निसाच्या हातच्या पेजेने म्हातारी सावरली होती. तोवर बस बंद पडल्या. पुढे बाँब पडू लागले, तेव्हा फखरुन्निसा तापाने आडवी झाली आणि औषध कुठे मिळेना. आपलं कसं करायचं ते तिनेच पडल्या पडल्या यम्माला शिकवलं: पाणी कोमट, उजवी बाजू आधी, शेवटच्या पाण्यात कापूर. यम्माला उभं राहवत नव्हतं. तिने पाटावर बसून गुसल दिलं.

"केसांच्या तीन वेण्या घातल्या," यम्मा म्हणाली. "घट्ट घातल्या."

फखरुन्निसा १९९१च्या जानेवारीत अर्दियात वारली. यम्मा त्यानंतर चार वर्षांनी गेली. तिला सुनांनी गुसल दिलं.