चंचीतला टाक

परळच्या आढावांच्या खोलीत संध्याकाळी सात वाजता प्रार्थना व्हायची म्हणजे व्हायचीच. चाळीत भांडण पेटलेलं असो, नळाला पाणी आलेलं असो, नाहीतर खाली सभेचा कर्णा कोकलत असो, राहेलबाई सातच्या ठोक्याला चटई अंथरत. एक गीत, शास्त्रातला एक अध्याय, मग प्रत्येकाने एकेक पाठ केलेलं वचन म्हणायचं आणि शेवटी प्रार्थना. नवरा दौलत गिरगावात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तो दमूनभागून येई, शिशाने काळी झालेली बोटं धुई आणि मुकाट मांडी घालून बसे. मुलगी लतिका रोज तेच सगळ्यांत आखूड वचन म्हणे आणि रोज बोलणी खाई. चाळीतले लोक म्हणत, आढावांच्या प्रार्थनेवर घड्याळ लावावं. ते ऐकून राहेलबाईंना बरं वाटे, आणि बरं वाटल्याबद्दल त्या झोपताना क्षमाही मागत. विश्वासाच्या बाबतीत बाई कुठे ढिली पडायची नाही.

म्हणूनच साठ सालच्या एप्रिलात त्यांच्या गिरगावच्या देवळातल्या भगिनी मंडळाने त्यांना बोलायला बोलावलं. ख्रिस्ती मंडळी घरात बोलताना आपल्या चर्चलाही देऊळच म्हणत. विषय होता, रोजच्या संसारात विश्वास कसा वाढवावा. धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकांच्या पत्नी पाळकीणबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. ‘तुमच्या सासूबाईंची साक्ष सांगा. नव्या सुनांनी ती ऐकलेली नाही.’

राहेलबाई ‘बरं’ म्हणाल्या. पण पाळकीणबाईंना जिन्यापर्यंत पोचवून परत येताना त्यांचा पाय उंबऱ्याशी घोटाळला. शेवंतीबाई तिथेच बसायची.

शेवंतीबाई ही दौलतची आई. दौलत नगरकडे मिशनच्या बोर्डिंगात शिकला, तिथेच त्याने बाप्तिस्मा घेतला. आई गावी राहिली आणि खंडोबाचीच राहिली. म्हातारपणी लेकाने तिला मुंबईला आणलं, तेव्हा तिच्याजवळ एक गाठोडं आणि एक चंची एवढंच होतं. चंचीच्या एका कप्प्यात पानं, दुसऱ्यात सुपारी नि चुन्याची डबी, आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यात खंडोबाचा टाक. बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला देव. किती पिढ्यांनी हाताळला होता कोण जाणे, देवाचे नाकडोळे पार झिजून गेले होते. म्हातारीने तो घरात कधी मांडला नाही. रविवारी सगळे देवळात गेले की ती टाक बाहेर काढी, चिमूटभर हळद लावी, कपाळाला टेकवी आणि परत आत ठेवी. ही मंडळी त्यांच्या देवाकडे, ती तिच्या देवाकडे, वार दोघांचा एकच. यात दौलतला काही वावगं दिसत नसे.

राहेलबाईंना मात्र तो टाक डोळ्यांत सलायचा. ज्याच्याजवळ मूर्ती आहे त्याने प्रार्थनेच्या चटईवर बसायचं नाही, असा नेम त्यांनी घातला. हा नेम पाळकांनी सांगितलेला नव्हता, शास्त्रातही कुठे लिहिलेला नव्हता. तो राहेलबाईंच्याच डोक्यातून निघाला होता. म्हातारीने एका शब्दाने वाद घातला नाही. सात वाजले की ती आपण होऊन उंबऱ्यावर जाऊन बसे, पाठ घराकडे, तोंड गॅलरीकडे, मांडीवर सुपात तांदूळ. आत ‘आमेन’ झालं की तीही सूप बाजूला ठेवून हात जोडी आणि म्हणे, ‘समद्यांचं बरं कर, आन् मंग माज्या दौलतचं.’

‘हे कुणाला म्हणता, आत्याबाई?’ राहेलबाईंनी एकदा विचारलं.

‘ज्याला ऐकू जाईल त्याला,’ म्हातारी म्हणाली.

असल्या उत्तरांनी राहेलबाईंच्या अंगाचा तिळपापड होई. रोज संध्याकाळी त्या प्रार्थनेत मोठ्याने म्हणत, ‘प्रभू, या घरातल्या म्हाताऱ्या जिवाचे डोळे उघड.’ म्हातारी चार हातांवर बसून ते ऐकत असे.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि परळ-लालबागची माणसं रस्त्यावर उतरली. मग गोळीबार झाला, मग संचारबंदी आली. दौलत सकाळी छापखान्यात गेला तो तिकडेच अडकला. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी शेजारचा कोंडीराम गिरणीतून बातमी घेऊन आला, की गिरगावात माणसं पडलीत, नावं कळत नाहीत.

त्या संध्याकाळी सात वाजता म्हातारी उंबऱ्यावर गेली नाही. ती चटईच्या कडेला येऊन उभी राहिली.

‘आज मला आत बसू दे, पोरी. माज्या एकलीच्यानं व्हईना. तुमी मिळून मागता न्हवं, त्यात मलाबी घे.’

इथे राहेलबाईंनी चटईवर हात ठेवून ‘बसा’ म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं. पुढे कितीतरी वेळा त्यांनी ती घटका मनात परत आणली, आणि दर वेळी त्या ‘बसा’ म्हणाल्या. त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, ‘आधी तो टाक द्या.’

त्यांचंही काळीज नवऱ्यासाठी तुटत होतं, नाही असं नाही. पण इतकी वर्षं मागितलेलं देवाने आज दारात आणून उभं केलं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. म्हातारीने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती खाली बसली, चंचीची दोरी सोडली, टाक काढून पदराने पुसला. ‘जा बाबा,’ ती त्याला म्हणाली, ‘माजं लेकरू येऊ दे.’ आणि तो तिने सुनेच्या तळहातावर ठेवला. मग चटईच्या कोपऱ्यावर अंग चोरून बसली.

चौथ्या दिवशी दौलत चालत घरी आला. दाढी वाढलेली, कपडे मळलेले, पण अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं.

संचारबंदी उठली आणि पहिल्याच शनिवारी राहेलबाई लतिकाला घेऊन दादरच्या चौपाटीवर गेल्या. पोर तेव्हा नऊ वर्षांची होती. गुडघाभर पाण्यात शिरून त्यांनी टाक जेवढा लांब जाईल तेवढा भिरकावला. ‘मूर्तीचं असंच करायचं असतं,’ असं लेकीला शिकवलं आणि तिला चणे घेऊन दिले. दुसऱ्या दिवशी देवळात उभं राहून त्यांनी साक्ष दिली, की सासूबाईंनी आपण होऊन मूर्ती सोडली आणि प्रभूने त्यांचा मुलगा घरी आणला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाळकीणबाईंनी तर त्यांना मिठीच मारली.

त्यानंतर म्हातारी रोज चटईवर बसू लागली. वचन म्हणायची पाळी तिच्यावर आली की ‘पुढं चला’ अशी मान हलवी. बाप्तिस्म्याचं काढलं की म्हणे, ‘बघू की, घाई काय हाय.’ आणि ते ‘समद्यांचं बरं कर’ बंद झालं ते कायमचं. राहेलबाईंना वाटलं, चला, जुनी सवय सुटली.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर म्हातारीने अंथरूण धरलं. राहेलबाईंनी तिचं सगळं केलं, अगदी लहान मुलाचं करावं तसं केलं, त्यात कुणी बोट ठेवावं असं काही नव्हतं. एके दुपारी पेज भरवत असताना म्हातारी म्हणाली, ‘राहेल, त्यो टाक हाय का गं?’

चमचा वाटीतच राहिला.

‘पुजायला न्हाई मागत. दिला त्यो दिला. फकस्त लेकरू घरी आलं, एवढं त्याला सांगायचं ऱ्हायलंय माजं.’

‘आहे ना,’ राहेलबाई म्हणाल्या. ‘माझ्या ट्रंकेत आहे. तुम्हाला बरं वाटलं की काढून देते.’

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने आपला वाळका हात त्यांच्या हातावर ठेवला. ‘आसू दे. तुज्याकडं हाय म्हंजे नीट हाय.’ आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

खोटं बोलण्याबद्दल लतिकाला शिक्षा म्हणून वचनं पाठ करायला लावणारी बाई इतक्या सहज खोटं बोलून गेली. मागाहून राहेलबाईंनी मनाची समजूतही घातली, की मरणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. ती समजूत दिवसा पटे. संध्याकाळी चटईचा तो कोपरा रिकामा दिसला की पटत नसे.

आता भगिनी मंडळापुढे हीच साक्ष पुन्हा सांगायची होती. आदल्या दिवशी दुपारी राहेलबाईंनी लतिकाला समोर बसवलं आणि लिहिलेला कागद वाचून दाखवला. खाली पोरं एक मेच्या रोषणाईसाठी बांबू ठोकत होती, त्यामुळे त्यांना आवाज चढवावा लागत होता. ‘माझ्या सासूबाईंनी मूर्ती आनंदाने सोडली,’ त्या वाचत होत्या, ‘आणि अखेरपर्यंत तिची आठवणसुद्धा काढली नाही.’

लतिका आता तेरा वर्षांची होती. तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं.

‘आई, हे नको म्हणूस.’

‘का?’

‘आजीला ठाऊक होतं. तू टाक समुद्रात टाकलास ते. त्याच दिवशी मी तिला सांगितलं होतं. राहिलेले चणे तिला दिले ना, तेव्हा.’

राहेलबाईंनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. ‘मग? काय म्हणाली?’

‘तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, तुज्या आयला सांगू नगंस मला ठाव हाय म्हणून. तिला लाज वाटंल.’

खालचं ठोकणं चालूच होतं. राहेलबाई उठल्या, ट्रंक उघडली आणि तळाची चंची काढली. म्हातारी गेल्यावर त्यांनी ती न उघडताच ठेवून दिली होती. पानाच्या कप्प्यात वाळका चुरा होता, सुपारीच्या कप्प्यात अडकित्ता होता. सगळ्यांत आतला कप्पा हळदीने पिवळाजर्द आणि रिकामा. पावणेदोन वर्षं म्हातारीने त्यात सुपारीचं एक खांडसुद्धा ठेवलं नव्हतं.

म्हणजे त्या दुपारी टाक कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. तरी तिने विचारलं. सुनेला एकदाचं खरं बोलून मोकळं होता यावं, म्हणून विचारलं असेल. किंवा पोरीने काहीबाही सांगितलं असेल, टाक असेलही, अशी वेडी आशा असेल. यातलं काय, ते आता विचारणार कुणाला? खोटं ऐकूनही तिने हातावर हात ठेवला होता, एवढंच खरं. राहेलबाईंनी चंची तोंडावर धरली आणि त्या रडल्या. सासू गेली तेव्हा त्या इतक्या रडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मंडळात त्या बोलायला उभ्या राहिल्या, पण कागद उघडलाच नाही.

‘सगळ्यांना सलाम. माझी साक्ष तुम्ही चार वर्षांमागे ऐकलीत. ती खरी नव्हती. सासूबाईंनी टाक आपण होऊन दिला नाही, मी त्यांच्या भीतीच्या दिवशी तो मागून घेतला. देवाने आपल्यासाठी आपला पुत्र दिला, असं आपण सांगत असतो. माझ्या सासूने पुत्रासाठी आपला देव दिला. दुसरं काही तिच्याजवळ नव्हतंच. आणि मी तिला काय दिलं, तर प्रार्थनेला बसायला वीतभर जागा. विश्वास कसा वाढवावा ते मला सांगता येणार नाही. माझ्या घरात तो उंबऱ्यावर बसला होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून डोळे मिटत होते.’

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाळकीणबाई म्हणाल्या, ‘आपण एक गीत गाऊ या,’ आणि पेटी सुरू झाली. त्या दिवशी राहेलबाईंना कुणी मिठी मारली नाही.

परतताना त्या परळला उतरल्या नाहीत. ट्रामने तशाच पुढे दादरला गेल्या आणि चौपाटीवर जाऊन उभ्या राहिल्या. ऊन उतरत होतं. पोरंबाळं घेऊन आलेल्या माणसांमधून वाट काढत त्या पाण्यात शिरल्या, गुडघ्यापर्यंत. हात जोडावेत की नाही हे त्यांना कळेना. शेवटी नुसतं बोलल्या, आणि खूप वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

घरी पोचल्या तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच आढावांची प्रार्थना चुकली होती. चटई अंथरलेली होती, दौलत आणि लतिका तिच्यावर वाट बघत बसले होते. राहेलबाई उंबऱ्यावरच थांबल्या. लुगड्याचा ओचा ओला होता, पायांना वाळू होती.

‘कुठे होतीस?’ दौलतने विचारलं.

‘दादरला. आत्याबाईंचा टाक मी तिथे समुद्रात टाकला होता. त्यांनी मागितला तेव्हा आहे म्हणून खोटं सांगितलं. लेकरू घरी आलं, एवढा त्यांचा निरोप द्यायचा राहिला होता. तो सांगून आले.’

दौलतने तिच्या पायांवरची वाळू पाहिली. मग त्याने विचारलं, ‘कुणाला सांगितलास?’

‘ज्याला ऐकू जाईल त्याला,’ राहेलबाई म्हणाल्या, आणि म्हातारी बसायची तिथेच, उंबऱ्यावर खाली बसल्या.

दौलत चटईवर जरा सरकला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्याने हात ठेवला.

‘बस,’ तो म्हणाला.