हातात जायच्या आधी

"वहिनी, हात सैल सोडा," असं म्हणत जहांआराने माझा पंजा दाबला आणि हिरवी बांगडी आत सरकवली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात माझ्या हातात गुंतलेले, म्हणून तिने मलाच तो स्पीकरवर लावायला सांगितलं.

जहांआरा म्हणजे आमच्या अमडापूरची मणियारीण, घरोघर फिरून बांगड्या भरणारी. मध्ये मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागली आणि तिची वऱ्हाडी बडबड पार नागपूरपर्यंत पोचली. आमच्या ह्यांचं बोलणं घरातसुद्धा कोणी ऐकत नाही, आणि हिचं ऐकायला हजारो बाया.

फोनवर शंतनू होता, केसांच्या तेलाच्या कंपनीचा माणूस. तिने त्यांच्या तेलाचा एक व्हिडिओ करून पाठवला होता. तो पसंत पडला तर वर्षभराचं काम मिळणार होतं, आणि त्या जोरावर एस.टी. स्टँडजवळचा गाळा. टोपली घेऊन फिरणं आता तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं.

"मॅडम, व्हिडिओ मस्त झालाय. फक्त सुरुवातीलाच तुम्ही म्हणता ना, 'मले कंपनीनं पैसे देल्ले', तेवढं काढा. 'जाहिरात' हा शब्द आम्ही खाली बारीक टाकतो."

"खाली म्हंजे कुठी?"

"व्हिडिओखालच्या मजकुराच्या शेवटी. 'आणखी वाचा' दाबलं की दिसतो."

"आन् नाई दाबलं तं?"

शंतनू हसला. "कोणीच दाबत नाही, मॅडम."

सवयीने जहांआराने पुढची बांगडी दुसरीवर हलकेच वाजवली. आवाज बद्द आला. "हिले चीर हाय, वहिनी," म्हणत तिने ती बाजूला ठेवली. वाजवून पाहिल्याशिवाय तिने आजवर कोणाच्याच हातात बांगडी चढवलेली नाही.

मग ती फोनकडे वाकली. "दादा, चीर हाय हे बांगडी हातात जायच्या आधी सांगा लागते. रगत निघाल्यावर सांगून काय फायदा? बाया माह्या भरोशावर तेल घेतीन. मी पैसे घेऊन बोलून राह्यली, हे त्याइले पयलेच समजलं पाह्यजे."

"मग आम्हाला दुसरं कोणी तरी बघावं लागेल."

"पाहा."

फोन बंद झाला. मला राहवलं नाही. "अगं, पण गाळ्याचं काय?"

"गाळा तं पाह्यजेच होता, वहिनी."

तिचे डोळे भरून आले. मला तिचा रागही आला आणि अभिमानही वाटला. खरं सांगायचं तर अभिमानच जास्त. हात मात्र तिचे थांबले नाहीत. माझ्या बांगड्या भरून झाल्यावर टोपली उचलून ती शेजारी गेली.

तिथे ओट्यावर शेजारची सून डिंपल फोनवर माहेरच्यांशी बोलत बसली होती. तिने बोलणं थांबवलं नाही, टोपलीकडे पाहिलंही नाही, नुसता हात पुढे केला. जहांआरा गुडघा धरून सावकाश खाली बसली आणि पहिली बांगडी वाजवून पाहिली.