शंभर ग्रॅम मॅक्रोनी

एस्थरनं ताटलीतल्या दोन मॅक्रोनी बोटांनी उचलून परत पातेल्यात टाकल्या. मग वाकून वजनकाट्याकडे पाहिलं आणि ताटली उचलली.

"बास?" हन्नानं विचारलं.

"शंभर ग्रॅम, आई. शिजवलेली. कागदात तसंच लिहिलंय."

"अगं, एवढ्यानं मांजराचं तरी पोट भरंल का?"

एस्थरनं चमचा उचलला. एकेक नळी चमच्यावर घेऊन ती सावकाश चावत राहिली.

पुण्याला हवाई सुंदरीच्या कोर्सला गेलेली मुलगी शिरूरला परतली ती हा आहाराचा छापील कागद आणि छोटा पांढरा वजनकाटा घेऊन. कोर्सच्या मॅडमनी बावन्न किलो सांगितलं होतं. बावन्न नाताळाआधीच झालं, तरी कागद भिंतीवरून उतरला नाही. फेब्रुवारीत केस गळायला लागले. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. बाटलीचं झाकण उघडलं गेलं नाही. वडील, शमुवेल, एकदाच ओरडले. ती दोन दिवस पाण्यावर राहिली. त्यानंतर घरात कुणी आवाज चढवला नाही.

हन्ना वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करत होती. साठ पानांना काय लागतं ते तिला नजरेनं कळे. घरातलं एक पान मात्र तिच्या हाती उरलं नव्हतं.

एकदा गॅसपाशी उभी असताना तिच्या ध्यानात आलं, मॅक्रोनी फार उकळली की पाणी पिऊन फुगते. शंभर ग्रॅममध्ये निम्म्याहून जास्त पाणीच. लवकर उतरवून नीट निथळली, तर तेवढ्याच वजनात चार घास जास्त बसतील.

दुसऱ्या दिवसापासून ती पातेलं आधीच उतरवू लागली. शमुवेललाही सांगितलं नाही. एस्थर काट्याचं तोंड स्वतःकडे करून मोजायची, निमूट खायची. हन्ना पाठमोरी भांडी घाशी आणि चमच्याचा आवाज ऐकत राही. तीन आठवडे तिला जरा बरं वाटलं.

मार्चमध्ये दोघी सोलापूरला भाचीच्या लग्नाला निघाल्या. दौंडच्या फलाटावर गाडीला अवकाश होता. एस्थर वजनाच्या यंत्रावर चढली. दिवे फिरले, तिकीट खाली पडलं. हन्नानं ते आधी उचललं.

एक्केचाळीस.

"असं कसं?" ती म्हणाली. "मागल्या महिन्यात त्रेचाळीस व्हतं. आन् मी तर..."



"लवकर उतरवतेस ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," एस्थर म्हणाली. आवाजात राग नव्हता. "दाताखाली कच्ची लागली. मग मी सत्तरच घ्यायला लागले."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुला बरं वाटत होतं ना."

सोलापूरची गाडी येत असल्याची घोषणा झाली. हमाल उठले. हन्नानं पिशवी खांद्याला लावली. एस्थरनं तिच्या हातातून तिकीट घेतलं, दोनदा वाचलं. मनगटावरच्या बांगड्या तिनं काढल्या आणि आईच्या हातात दिल्या. पायांतल्या चपलाही काढून बाजूला सारल्या.

"आई, अजून एक नाणं दे ना. हे जास्त दाखवतंय."

हन्नानं तिच्याकडे पाहिलं. मग कमरेचा बटवा सोडला, आत चाचपलं आणि नाणं काढून दिलं.